तिसरी पिन

४ जानेवारी

रेडिओबाई,

पत्र पोचलं. सात पानं आणि प्रश्न एकोणतीस. मी मोजले. एवढे प्रश्न मला पोलिसांनीही कधी विचारले नसते. शेवटी टोमणाही मारला आहेस, की हल्ली मामा फोन का उचलत नाही. अगं, फोनवर खोलीचा नकाशा काढता येत नाही. कागदावर येतो. म्हणून तू लिही आणि मीही लिहितो.

तर तुझी मागची खोली. बारा बाय बारा, म्हणजे पहिल्याच घासाला खडा. चौकोनी खोलीत एकच सूर फुगतो आणि दुसरा गायब होतो. एक भिंत आतून तिरकी घे. मग खोलीच्या मधोमध उभी राहा आणि एक टाळी वाजव. टाळी 'टप्' करून मेली पाहिजे. 'टर्रर्र' वाजली तर समजायचं की समोरासमोरच्या दोन भिंती तिला चेंडूसारखी झेलतायत. तिथे रॉकवूलचं, म्हणजे दगडी लोकरीचं, चार इंची पॅनेल लाव आणि भिंतीपासून चार इंच सुटं ठेव. कोपरे खालपासून वरपर्यंत भर. जाड आवाज कोपऱ्यात जाऊन बसतो, रुसलेल्या काकासारखा, आणि उठता उठत नाही. अंड्यांचे ट्रे लावायचे नाहीत. ते अंड्यांसाठी असतात.

दोन स्पीकर आणि तुझं डोकं, तिघांत अंतर सारखं ठेव. मग कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लाव. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनेल. विजेची तार आणि माइकची तार शेजारी शेजारी झोपवायच्या नाहीत. भेट झालीच तर काटकोनात.

प्रत्येक प्लग स्वतः उघड आणि आत आपली गाठ मार. नऊ वर्षांची असताना शिकवली होती ती, दोन फासे एकमेकांत आणि वरून उलटा वळसा. तार कुणी ओढली तर ओढ गाठीवर येते, स्क्रूवर येत नाही. चौदाव्या वर्षी रेडिओच्या दुकानात झाडू मारायला लागलो तेव्हा माझी मीच शोधून काढली. चाळीस वर्षांत तुझ्याशिवाय कुणाला शिकवली नाही. कारागिरानं एखादी खूण आपल्याजवळ ठेवावी.

सगळं झालं की खोलीचं मिनिट घे. म्हणजे माइक चालू करायचा आणि कुणी बोलायचं नाही. नुसती खोली रेकॉर्ड करायची. काय बिघडलंय ते खोली स्वतःच सांगते.

पॅनेल तू उचलू नकोस. छातीला ताण नको. ताईला नमस्कार.

मामा

१९ जानेवारी

मामा,

टाळी मेली! आधी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची, आता टप्. सुतार मात्र वैतागला आहे. म्हणतो, "बाई, भिंत तिरकी केलीत, आता कपाट कुठे लावणार?" म्हटलं, कपाट नाही लावायचं, इथे बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करायची आहेत. तर म्हणे, "मग दार तरी सरळ ठेवू ना?"

पॅनेल मी उचलली नाहीत. आई उचलूच देत नाही. परवा यंदाचा कार्डिओग्राम झाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. आई म्हणाली, "ह्यांनाही काही नव्हतं." चोविसावा कागद फाइलला लागला. शाळेत बाकीच्या पळायच्या तेव्हा मी मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला राखत बसायचे, आठवतं? तू रेडिओचा सांगाडा आणून दिलास तो तेव्हाच. म्हणजे बाबांचं हृदय बंद पडलं म्हणून मी या धंद्यात आले, असंही म्हणता येईल.

आता खरी अडचण. स्पीकर लावले की घूं येतो. बारीक, एकसारखा, कानाच्या मागे माशी बसल्यासारखा. वायरमन आला आणि ऐकायच्या आधीच म्हणाला, "प्लगमधली तिसरी तार काढून टाका, घूं गेला समजा. सगळे तसंच करतात." तुला विचारल्याशिवाय करणार नाही.

आणि एक गंमत. आईच्या पलंगाखालून बाबांचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. आधी देईना. तू दोनदा दुरुस्तीला मागितलास तेव्हाही दिला नव्हता म्हणे. लावला तर हळूहळू गरम झाला आणि वाजला! मिक्सर तोच आणि विजेचा बोर्डही तोच. नव्या कोऱ्या वस्तू सगळ्या घूं घूं करतायत आणि हा तीस वर्षांचा म्हातारा एकदम गप्प. जोडलाय हे सुद्धा कळत नाही. बाबांच्या वस्तूंची जातच वेगळी.

एक मार्चला स्टुडिओ सुरू. पहिलं रेकॉर्डिंग त्यांच्याच गिटारवर, त्यांचंच गाणं, मीच म्हणणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझी रेडिओ

२४ जानेवारी

रेडिओबाई,

त्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नकोस. चहासुद्धा देऊ नकोस.

घूं का येतो ते समजून घे. तुझ्या खोलीत दोन बोर्ड आहेत, एक जुना आणि एक नवा. दोघांची अर्थ, म्हणजे ती तिसरी तार, वेगवेगळ्या वाटेनं जमिनीत जाते. मध्ये तुझ्या केबलींच्या जाळीतून त्या दोन वाटा एकमेकींना भेटतात आणि वर्तुळ पुरं होतं. त्या वर्तुळात चोरटी वीज फेऱ्या मारत बसते आणि तुला घूं ऐकू येतो. सगळं एकाच बोर्डावर घे. तरी राहिला तर आवाजाच्या वाटेत छोटा ट्रान्सफॉर्मर घाल. वर्तुळ तोडायचं ते आवाजाच्या तारेत. विजेच्या तारेत कधीही नाही. कधीही नाही. तिसरी पिन म्हणजे वाट चुकलेल्या विजेचा घरी जायचा रस्ता. तो बंद केलास तर ती दुसरा शोधते, आणि माणूस तिला रस्त्यासारखाच दिसतो. हे भिंतीवर लिहून ठेव.

भाऊजींचा अ‍ॅम्प लावू नकोस. कंडेन्सर कुजले असतील. आवाजही काही खास नव्हता त्याचा. भंगारात दे. याच आठवड्यात तुला नवा पाठवतो.

आणखी लिहायचं होतं, पण राहू दे.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

सगळं एका बोर्डावर घेतलं आणि घूं गेला. त्याबद्दल आभार. बाकीच्या पत्राबद्दल नाही.

"आवाजही काही खास नव्हता." अ‍ॅम्पचा की बाबांचा? सरळ लिही ना. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला नेहमी रेकॉर्डिंग आवडायचं, गाणारा नाही." माझ्याकडे बाबांचं काय आहे? एक फोटो, एक गिटार, हा अ‍ॅम्प आणि चोवीस कार्डिओग्राम. त्यातला अ‍ॅम्प तू भंगारात द्यायला सांगतोस. तुझा नवा अ‍ॅम्प आला तसा परत पाठवते आहे.

मी रोज सराव करते. काल गिटार गळ्यात घालून माइकला ओठ लावला तर चावला. चांगली झिणझिणी आली. लोकरीचा स्वेटर होता अंगात, त्यामुळे असेल.

फोन करू नकोस. मी रागावले आहे. उचलणार नाही.

७ फेब्रुवारी

रेडिओबाई,

पत्र आज सकाळी मिळालं. 'चावला' हा शब्द वाचला आणि दारातूनच तुला फोन लावला. चार वेळा. मग ताईला लावला. म्हटलं, "तो अ‍ॅम्प भिंतीतून काढ. आत्ता." तिनं का म्हणून विचारलं नाही. तिची पावलं जाताना ऐकली, येताना ऐकली. "काढला," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. कशी बोलत नाही बघ.

दोष स्वेटरचा नाही. अ‍ॅम्पच्या पत्र्यात वीज उतरते आहे. पत्र्यातून ती गिटारच्या तारांत येते आणि तुझ्या ओठातून माइकमध्ये जाते. त्या काळी गल्लीतल्या कुठल्या तरी मेकॅनिकनं प्लगमधली अर्थ सोडवून ठेवली असणार. भाऊजी भोळे होते, कुणाच्याही हातात वस्तू द्यायचे.

प्लग उघडत बसू नकोस. मी येऊन घेऊन जातो. तू रागाव, हवं तेवढं रागाव, पण त्याला हात लावू नकोस.

मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

प्लग उघडला.

पिना तीन आहेत. तारा दोनच जोडल्या आहेत. तिसरी कापून, दुमडून, वर पिवळी कापडी पट्टी गुंडाळली आहे. अगदी नीटनेटकी. बाहेरून कुणाला कळू नये अशी.

आणि आत आपली गाठ आहे. दोन फासे, वरून उलटा वळसा.

चाळीस वर्षांत तू ती माझ्याशिवाय कुणाला शिकवली नाहीस. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. म्हणजे ही मी मारलेली नाही.

येऊ नकोस. लिही.

२८ फेब्रुवारी

पोरी,

सोळा दिवस लागले. रोज बसलो आणि रोज फाडलं.

आधी फोनचं सांगतो. नकाशाची सबब खोटी होती. तू स्टुडिओ बांधतेस म्हटल्यावर वायरिंगचं बोलणं निघणार आणि बोलता बोलता माझा आवाज बदलणार हे मला माहीत होतं. तुझे कान माझे आहेत. तू पकडलं असतंस. कागदाला आवाज नसतो.

माझा पहिला स्टुडिओ छापखान्याच्या तळघरात होता. गोधड्या टांगून भिंती केल्या होत्या. त्यातलं पहिलं रेकॉर्डिंग भाऊजींचं. मी गळ घातली म्हणून आले होते. दुपारची वेळ. माइक लावला, अ‍ॅम्प लावला आणि घूं आला. तासभर शोधत होतो. भाऊजी म्हणायचे, "कुठे आहे रे घूं? मला तर काही ऐकू येत नाही." मी म्हटलं, "तुम्ही गा. ऐकायचं काम माझं." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

ते चहाला बाहेर गेले तेवढ्यात मी प्लग उघडला. अर्थ कापली. पिन तशीच ठेवली, म्हणजे दिसायला पुरा. गाठही मारली. काम नीटनेटकं करायची खोड. घूं गेला. स्वतःवर इतका खूश मी त्याआधी कधी झालो नव्हतो. ते परत आले तेव्हा म्हटलं, आता बघा. त्यांना काहीच फरक कळला नाही.

दुसऱ्या कडव्याला हेडफोनमध्ये 'फट्' असं वाजलं. अ‍ॅम्पमध्ये आत काहीतरी तुटलं होतं आणि पत्र्यात वीज आली होती. मला ते कळलं नाही. मी आधी खाली मान घालून मीटर बघितला. टेक वाया गेला म्हणून चिडलो. वर पाहिलं तर भाऊजी माइकला धरून उभे होते. मला वाटलं, थट्टा करतायत. करायचे ते. तीन-चार सेकंद मी काचेच्या अलीकडे हसत होतो.

मग मेन स्विच पाडला.

डॉक्टरांनी विचारलं, आधी छातीत वगैरे दुखायचं का? मी हो म्हणालो. तेवढं एकच बोललो. पुढचं सगळं त्यांनी लिहिलं. ताईनं मला त्यांच्या बोटांवरच्या काळ्या रेघा दाखवल्या. म्हटलं, तारा दाबून दाबून पडतात, सगळ्याच गिटारवाल्यांना. ती माझ्याकडे बघत राहिली.

हे एकच पाप असतं तर कदाचित मी ते घेऊन मेलोही असतो. पण तू शाळेत जायला लागलीस आणि त्या वर्षी आलो तर तू मैदानाच्या कडेला चपला राखत बसलेली. ताई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, बापाचं चौतिसाव्या वर्षी असं झालं म्हणजे पोरीला जपा. तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी बाजारात गेलो आणि तुला रेडिओचा सांगाडा आणला. दर वर्षी आणत गेलो, सगळं बसून खेळायचं. परवा पॅनेल उचलू नकोस म्हणून लिहिलं तेसुद्धा मीच. इतकं खोटं बोललो की ते आता माझ्या हाताला आपोआप येतं. मेकॅनिकही तसाच आला.

तुझ्या छातीत काही नाही. कधीच नव्हतं. पळ.

हे पत्र ताईला दाखवायचं का, ते तू ठरव. मी ठरवलेलं आजवर काय झालं ते तू वाचलंसच.

मामा

३० एप्रिल

मामा,

एक मार्चला स्टुडिओ सुरू झाला नाही.

पत्र त्याच आठवड्यात आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, "ह्यांना घूं कधी ऐकूच आला नाही. तो ऐकू यायचा फक्त माझ्या भावाला."

म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं?

"संशय होता. खात्री नव्हती. खात्री असती तर तुला पळू दिलं असतं आणि त्याला दारात उभं केलं नसतं. दोन्हीतलं एक खरं होतं, म्हणून दोन्ही सांभाळलं. तुला बसवलं, त्याला चहा दिला. ती अ‍ॅम्पची पेटी ठेवली. म्हटलं, मागायला येईल तेव्हा सांगेल. दोनदा आला. दोन्ही वेळा म्हणाला, दुरुस्तीला हवी."



मी पळाले. रस्त्याच्या टोकापर्यंत. धाप लागली. धाप कशी असते हेच मला माहीत नव्हतं. वाटलं, आलं, बाबांचं ते हेच. भिंतीला धरून खाली बसले आणि ओरडायला लागले. अठ्ठावीस वर्षांची बाई. सुतारानं पाणी दिलं आणि म्हणाला, "अहो, दम लागलाय नुसता." तुला कळावं म्हणून लिहिते. मन हलकं व्हावं म्हणून नाही.

आणखी एक. अ‍ॅम्पची तिसरी तार मी जोडली. सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्विच दाबला. फ्यूज उडाला. बस. त्या दिवशीही एवढंच झालं असतं, मामा. फ्यूज उडाला असता, अंधार झाला असता आणि बाबा म्हणाले असते, चला, अजून एक चहा घेऊन येऊ.

खोली आता तयार आहे. सोबत पेनड्राइव्ह आहे. आईनं रेकॉर्ड केलंय. चालू-बंद कसं करायचं ते विचारून घेतलं आणि मला बाहेर काढलं. मी ऐकलेलं नाही. "त्याला पाठव," एवढंच म्हणाली.

यापुढे मी लिहीन की नाही, माहीत नाही. येऊ नकोस.

९ मे

ताई,

ऐकलं. खिडक्या लावून, चांगल्या हेडफोनवर, तीन वेळा.

अकरा मिनिटं आहेत. वाटलं होतं, बोलशील. शिव्या देशील. त्यासाठी तयार होऊन बसलो होतो. दुसऱ्या मिनिटाला तू खुर्ची पुढे ओढलीस. चौथ्याला तोंड उघडलंस. ओठ सुटल्याचा आवाज आहे, पण पुढे शब्द नाही. सातव्याला पुन्हा तसंच. नवव्याला नाकानं जोरात श्वास घेतलास, लहानपणी मला मारायच्या आधी घ्यायचीस तसा. मी इथे खुर्चीत अंग आवरून बसलो. मारलं नाहीस. मग उठलीस. चार पावलं आणि दार. त्यानंतर चाळीस सेकंद नुसती खोली आहे. ती मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली.

पोरगी माझं वाचणार नाही, म्हणून तू सांग. कोपरे स्वच्छ आहेत. भिंती बोलत नाहीत. पहिल्या फटक्यात इतकी चांगली खोली मला कधी जमली नव्हती.

आणि घूं नाही. भाऊजी विचारायचे, कुठे आहे रे घूं? मीही शोधला. आवाज पार वर चढवून शोधला. मलासुद्धा ऐकू येत नाही, ताई.

तुझा धाकटा